ऑक्टाव्हिया आरएसला सगळीकडे पॉली बुश? सोलापूरच्या रस्त्यांवर?

होटगीरोडकर:
काल इथे एकाने छातीठोकपणे लिहिलं की पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला परत रबरी बुश (चाक धरणारे दांडे, म्हणजे आर्म, गाडीला जोडतात तिथले धक्का खाणारे तुकडे) घालणं म्हणजे पैसे पाण्यात, सरसकट पॉलियुरेथेन, म्हणजे कडक प्लास्टिकसारखे पॉली बुश टाका. वाचून राहवलं नाही.

रबरी बुशात मधली नळी आणि बाहेरचं कडं दोन्ही रबराला पक्की चिकटलेली असतात. आर्म वर-खाली झाला की रबर पिळलं जातं, घासत नाही. पॉली नळीवर फिरतो, म्हणून त्याला ग्रीस लागतं. ऊस सुरू झाला की आपल्याकडच्या रस्त्यांवर किती धूळ असते ते सांगायला नको. ती ग्रीसमध्ये बसली की बुश झिजतो आणि गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरवर कुईकुई करते.

स्टिअरिंग घट्ट हवं असेल तर पुढच्या लोअर आर्मच्या मागच्या मोठ्या बुशाच्या जागी पहिल्या ऑडी टीटीचा भरीव रबरी बुश घाला. दोन्ही गाड्यांचा प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा सांगाडा, एकच आहे. मूळच्या बुशात पोकळ खाचा असतात, त्यामुळे जोरात ब्रेक मारला की आर्म मागे सरकतो. भरीव बुशात ते बरंच कमी होतं. मागच्या बीमला (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) मात्र पॉली अजिबात नको. ते बुश तिरपे बसवलेत ते वळणात चाकांची दिशा सांभाळायला. ते कडक केले की कंपनीने केलेलं सगळं गणित बिघडतं.

टर्बोअण्णा:
'एकाने' कशाला, मीच लिहिलं होतं, नाव घ्या की. या 1.8 टर्बोला ऑइल गळती नवीन नाही. ते ऑइल आर्मवर उतरतं आणि रबर फुगून मऊ पडतं. माझ्या गाडीचे बुश हातात आले तेव्हा रबर कड्यापासून सुटून लोंबत होतं. पॉलीला ऑइलने फरक पडत नाही. आता हैदराबाद रोडला शंभरच्या पुढे ब्रेक मारला तरी गाडी सरळ थांबते. हे तुम्ही गाडीत बसून बघा, मग लिहा.

मोहोळ_एक्स्प्रेस:
पॉली म्हणजे नक्की कुठला? 80 शोअरचा (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) आणि 95 शोअरचा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 95वाला घातला तर सात रस्ता चौकापर्यंत कंबर राहणार नाही.
आणि रस्त्यांचं कुणी बोलणार आहे की नाही? पाइपलाइनसाठी खोदतात, वरून माती लोटतात, पहिल्या पावसात खड्डा. पट्टे नसलेले स्पीडब्रेकर रात्री दिसत नाहीत. बुश कुठलाही घाला, मरणारच.

होटगीरोडकर:
अण्णा, ऑइल गळतंय तर आधी गळती बंद करा. बुश बदलून गळती थांबत नाही. आणि सुटलेल्या जुन्या रबराशी नव्या पॉलीची तुलना करताय. नवीन रबर घालून तोच ब्रेक मारून बघितलात का? तुमचं रबर लवकर सुटलं त्याचं कारण मी सांगतो: बसवणाऱ्याने चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले. मग गाडी खाली उतरवल्या क्षणापासून रबर कायमचं पिळलेलं. पुढचा छोटा बुश आणि मागच्या बीमचे बुश यांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचे. सोलापुरात हे कुणी करत नाही. म्हणून मी गाडी पुण्याला नेतो.

सतरानंबर_पाना:
काय बोलालाव ओ? कुणी करत नाही म्हणजे? अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे, वडलांपासूनचं. आर्मखाली जॅक लावून, उंची मापून आवळतो आम्ही. बोल्टही नवीन घालतो, कारण ते टॉर्क (ठरलेला आवळण्याचा जोर) देऊन वर 90 अंश फिरवायचे असतात, जुने परत चालत नाहीत. तुमच्या पुण्याहून आलेली अशीच एक गाडी माझ्याकडं आली होती. मोठा बुश प्रेस करताना खाचा आडव्याच्या जागी भलत्याच दिशेला! गिऱ्हाईक म्हणतंय स्टिअरिंग ओढतंय, अलाइनमेंट बसेना. तिथं एसी वेटिंग रूम आहे म्हणून काम चांगलं होतंय असं नसतंय.

मोहोळ_एक्स्प्रेस:
हे मात्र खरं. पुण्यात दुप्पट मजुरी घेतात आणि 'सोलापूरची गाडी' म्हटलं की तोंड वाकडं करतात.

होटगीरोडकर:
माझा अनुभव मी लिहिला. तुमच्या गॅरेजबद्दल बोललो नव्हतो.

सतरानंबर_पाना:
'कुणी करत नाही' यात मी येत नाही का? माणसानं लिहिताना बघून लिहावं. बुशाचं म्हणाल तर टीटीचा भरीव बुश मीही घालतो, तो सल्ला बरोबर आहे. पण पॉलीला आवळताना पीळ बसत नाही, तो फिरतो. ज्याच्याकडे नीट बसवणारा मिस्त्री नाही त्याला पॉलीच वाचवतो. हे तुम्ही लिहिलं नाही.

होटगीरोडकर:
मान्य, तेवढं राहिलं. पण ग्रीस आणि धुळीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

टर्बोअण्णा:
दर सर्व्हिसला काढून ग्रीस मारतो, हे उत्तर. मागचा बीम ठेवतो रबरात, तुमच्या सांगण्यावरून नाही, पान्यावाल्या भाऊंशी बोलून. पुढे पॉलीच राहणार.

सतरानंबर_पाना:
रविवारी सकाळी आणा अण्णा. आधी टर्बोतलं ऑइल परत नेणारी रिटर्न पाइप बघू, मग बुश.