नाताळानंतरच्या पहिल्या रविवारी कोणते शुभवर्तमान वाचावे: योहानाचे की मत्तयाचे?

(खालील चर्चेत प्रत्येक जण टोपणनावाने लिहितो.)

ओसरी (मॅसॅच्युसेट्स), ३० डिसेंबर २०२५

परवाच्या रविवारी, म्हणजे २८ डिसेंबरला, आमच्या गावातील एपिस्कोपल (अमेरिकेतील अँग्लिकन परंपरेच्या) चर्चमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचला गेला, आणि त्याच सकाळी, त्याच रस्त्यावर दोनशे पावलांवर असलेल्या लुथरन चर्चमध्ये मत्तयाचा दुसरा. शेजारच्या बाई तिकडे जातात. दुपारी कुंपणापाशी बोलताना त्यांनी सहज विचारले, "तुमच्याकडे हेरोदाबद्दल काय सांगितले?" मला उत्तर देता येईना, कारण आमच्याकडे बेथलेहेमची बालके मारवणाऱ्या त्या राजाचे, हेरोदाचे, नावही निघाले नव्हते.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतील बहुतेक मुख्य प्रवाहातील प्रॉटेस्टंट मंडळ्या तीन वर्षांचा एक सामाईक वाचनक्रम पाळतात. एपिस्कोपल चर्चने तो २००६ च्या महाधिवेशनात स्वीकारला, मात्र काही दिवसांसाठी स्वतःची जुनी वाचने राखून ठेवली, आणि त्यांतला एक दिवस हा आहे. सामाईक क्रमात या रविवारी पहिल्या वर्षी मिसर देशाला पलायन आणि बेथलेहेमच्या बालकांची हत्या, दुसऱ्या वर्षी मंदिरात बाळ येशूला पाहणारे शिमोन आणि हन्ना, तिसऱ्या वर्षी मंदिरातला बारा वर्षांचा येशू अशी वाचने येतात. आपल्या एपिस्कोपल चर्चमध्ये तिन्ही वर्षी योहान १:१-१८, म्हणजे आरंभी असलेला शब्द, ख्रिस्त, देही झाला हा भाग. यंदा पहिले वर्ष चालू आहे.

त्यातही यंदाचा योग असा की २८ डिसेंबर हाच निष्पाप बालकांच्या स्मरणाचा दिवस. तो रविवारी आला म्हणून नियमाप्रमाणे सोमवारवर ढकलला गेला, आणि सोमवारी आमच्या चर्चचे दार उघडलेच नाही. शुक्रवारी संत स्तेफनाचा दिवस, शनिवारी संत योहानाचा, सोमवारी बालकांचा, आणि ऐकायला कोणीच नाही.

मी घरी येऊन वाचनक्रम काढून बसले. नाताळानंतर दुसरा रविवार येतो त्या वर्षी जे तीन पर्याय दिलेले आहेत त्यांत मत्तय २:१३-१५ आणि १९-२३ आहे. मरियेचा पती योसेफ बाळाला घेऊन रातोरात निघतो, आणि पुढच्याच वाक्यात हेरोद मेलेला असतो. मधल्या १६ ते १८ या वचनांत मुले मारली जातात, इस्राएलाची पूर्वमाता राहेल रडते आणि तिचे सांत्वन होत नाही. नेमकी तीच तीन वचने ओलांडलेली आहेत. म्हणजे जो माणूस केवळ रविवारी चर्चला येतो, त्याच्या कानावर ही वचने तीन वर्षांच्या संपूर्ण चक्रात एकदाही पडत नाहीत. हे मला चुकीचे वाटते, आणि या रविवारी तरी आपण सामाईक क्रम घ्यावा असे माझे मत आहे.

मागची रांग (न्यू जर्सी)

ओसरीताई, मी गेली बावीस वर्षे एका एपिस्कोपल चर्चच्या गायकवृंदात खर्जात गातो, त्यामुळे या रविवाराची रिकामी बाके मी समोरून पाहिली आहेत. तुमच्या मुद्द्याचा आदर ठेवून सांगतो की तुम्ही जे मागता त्याची किंमत तुमच्या लक्षात आलेली नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्च भरते आणि तेव्हा लूकची कथा वाचली जाते: नावनोंदणी, गव्हाण, मेंढपाळ. २५ तारखेच्या सकाळी योहान वाचता येतो, पण त्या सकाळी आमच्याकडे अठरा माणसे होती, त्यांतले सात जण आम्ही गायक. जुन्या प्रार्थना पुस्तकांत, १६६२ च्या इंग्लंडमधल्या आणि १९२८ च्या अमेरिकेतल्याही, ख्रिस्तजन्माच्या दिवसाचे शुभवर्तमान योहानाच्या पहिल्या अध्यायातलेच होते. आता लोक त्या दिवशी येत नाहीत. पहिल्या रविवारचा योहान काढून घेतला, तर सर्वसाधारण सभासदाला जन्माची गोष्ट कळेल, पण जन्मला तो कोण हे नाताळकाळात त्याला कोणीही सांगणार नाही.

दुसरे असे की त्या दिवसाची उपासना एका धाग्याने विणलेली आहे. आरंभीची प्रार्थना देही झालेल्या शब्दाचा नवा प्रकाश आमच्यावर ओतला गेला असे म्हणते आणि तो आमच्या जगण्यातून दिसावा असे मागते. गलतीकरांच्या पत्रातून देवाची दत्तक मुले होण्याची गोष्ट येते. मग योहान, ज्यात देवाची मुले होण्याचा अधिकार मिळतो. मधला एक धागा ओढून तिथे हेरोद बसवला, तर ती प्रार्थना अनाथ होते. (काही चर्चमध्ये या रविवारी संदेश (प्रवचन) रद्द करून नऊ वाचने आणि गीते असा कार्यक्रम करतात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात १९१८ साली सुरू झालेल्या त्या क्रमाचाही शेवट योहानाच्या पहिल्या अध्यायानेच होतो. उगाच नाही.)

वस्तीची गाडी (पुणे)

मी अमेरिकेत केवळ चार वर्षे होते आणि आता पुन्हा उत्तर भारतीय चर्चच्या एका मराठी मंडळीत आहे, तरीही या वादात एक गोष्ट मांडावीशी वाटते, कारण ती मराठीतच नीट दिसते.

मराठी शास्त्रात शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये "वस्ती केली" असे आहे. लहानपणी आमच्या गावाला रात्री नऊला येणारी आणि पहाटे साडेपाचला निघणारी एस.टी. होती, तिला सगळे वस्तीची गाडी म्हणत. चालक आणि वाहक देवळाच्या ओसरीवर पथारी टाकत आणि उजाडायच्या आत गाडी गेलेली असे. वस्ती करणे म्हणजे घर बांधणे नव्हे, मुक्कामाला राहणे. मूळ ग्रीक क्रियापदही तंबू ठोकण्याचे आहे, त्यामुळे आपल्या भाषांतरकारांनी निवडलेला शब्द फारच नेमका म्हणावा लागेल. इंग्रजीत वाचताना मला हे कधी जाणवले नव्हते, आणि तिथल्या रेक्टरांना (चर्चच्या प्रमुख पाळकांना) मी ही एस.टी. समजावून सांगायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी विनयाने मान हलवली.

आता मत्तय पाहा. योसेफाला स्वप्न पडते, तो रात्रीच उठतो आणि आई-बाळाला घेऊन निघतो. योहान ज्या तंबूबद्दल बोलतो त्याचे खुंटे उपटल्याची हकीकत मत्तयात आहे. म्हणून मागची रांग म्हणतात तसा धागा तुटणार नाही. योहान एकट्याने वाचला की वस्ती हा शब्द फार सुखवस्तू होऊन बसतो, एवढीच माझी तक्रार आहे. मी ओसरीताईंच्या बाजूने.

जुने पान (टोरांटो)

सगळे जण हत्येची घटना गृहीत धरून बोलत आहेत, म्हणून विचारतो. हेरोदाने स्वतःच्या पत्नीला आणि तीन मुलांना मारले हे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसीफस सविस्तर सांगतो. त्याच्या क्रौर्याचे दाखले देताना तो हात आखडता घेत नाही. तरीही बेथलेहेमच्या बालकांचा उल्लेख त्याच्याकडे नाही, आणि लूकलाही ती घटना माहीत असल्याचे दिसत नाही. मत्तय येशूला दुसरा मोशे म्हणून उभा करत आहे, आणि फारोने इब्री मुलगे मारले म्हणून हेरोदानेही मारले, ही त्याची मांडणी आहे. अशा मजकुरावर वर्षातल्या सर्वांत कमी उपस्थितीच्या रविवारी, बहुधा सुटीवर गेलेल्या रेक्टरच्या जागी आलेल्या पाहुण्या पाळकाने संदेश द्यावा, यात मला शहाणपणा दिसत नाही. योहानाच्या प्रस्तावनेला निदान ही अडचण नाही.

वस्तीची गाडी

बेथलेहेम लहान गाव होते. दोन वर्षांखालची मुले किती असणार? पूर्वेकडील चर्चच्या परंपरेत चौदा हजारांचा आकडा आला, तो अर्थातच अशक्य आहे, पण गावातली पंधरा-वीस मुले गेली तर राजधानीच्या इतिहासकाराला त्याची बातमी लागलीच पाहिजे असे नाही. झालेच असे मी म्हणत नाही. योसीफस गप्प आहे म्हणून झालेच नाही, असेही म्हणता येणार नाही.

लेकुरवाळी (कनेटिकट)

माझी अडचण अगदी घरगुती आहे. नाताळच्या आदल्या दिवशी माझी पाच वर्षांची मुलगी मेंढरू झाली होती; कापसाचे कान अजून तिच्या डोक्यावरून उतरलेले नाहीत आणि रविवारीही ती तेच घालून बाकावर बसली होती. चारच दिवसांनी तिला त्याच गोष्टीचा पुढचा भाग म्हणून शिपायांनी मुले मारली असे ऐकवायचे का? मोठ्यांनी हे टाळू नये हे मान्य. पण उपासना सर्वांची असते, आणि त्या दिवशी बालवर्गाला सुटी असल्यामुळे मुले आतच असतात.

ओसरी

लेकुरवाळी, तुमच्या मुलीचे कान डोळ्यांसमोर आले आणि लिहिताना हात थोडा थांबला. तरीही लिहिते. आपली मुले ज्या देशात शाळेत जातात तिथे, बंदूकधारी आत शिरला तर दिवे मालवून, कोपऱ्यात गप्प कसे बसायचे, याचा सराव त्यांच्याकडून करून घेतला जातो. तुम्ही कनेटिकटच्या आहात. १४ डिसेंबर २०१२ रोजी न्यूटाउनच्या शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली, ते नाताळच्या अकरा दिवस आधी. आपल्या मुलांना हेरोद माहीत आहे. तो चर्चमध्ये मात्र कोणी ओळखत नाही असे त्यांना वाटू नये, एवढेच मी म्हणते आहे.

मागची रांग

ताई, न्यूटाउनचे नाव तुम्ही काढलेत म्हणून बोलतो, अन्यथा मी ते इथे आणले नसते. २०१२ च्या त्या नाताळानंतरचा रविवार ३० डिसेंबरला आला. ते तिसरे वर्ष होते, म्हणजे तुमच्या सामाईक क्रमात त्या दिवशी मंदिरातला बारा वर्षांचा येशू होता. लुथरनांकडेही हेरोद नव्हता. जो क्रम तुम्ही मागता, त्याने नेमक्या त्या वर्षी तुम्हाला काहीही दिले नसते, आणि आई-वडिलांनी वीस मुले पुरल्यानंतरच्या त्या आठवड्यांत, हरवलेले मूल तीन दिवसांनी सापडते ही कथा ऐकवली असती.

आपल्याकडे त्या दिवशी पाचवे वचन वाचले गेले, की प्रकाश अंधारात प्रकाशतो आणि अंधाराने त्याला ग्रासले नाही. मी त्या सकाळी गात होतो. डीकन (पाळकांचे साहाय्यक) ग्रंथ घेऊन मधल्या वाटेत उतरले, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या धरलेली दोन शाळकरी मुले होती, आणि ते वचन आले तेव्हा माझ्या शेजारचा माणूस गीतपुस्तकावर कपाळ टेकून उभा होता. दर वर्षी एकच वाचन ठेवण्याचा हा फायदा आहे: कोणते वर्ष कसे जाईल हे वाचनक्रम करणाऱ्यांना ठाऊक नसते, आणि योहान कोणत्याही वर्षी उभा राहतो.

ओसरी

तिसऱ्या वर्षाचा मुद्दा मी पाहिला नव्हता, आणि तो तुम्ही बरोबर धरलात. मात्र त्यावरून सोळा ते अठरा ही वचने कधीच वाचू नयेत असे निघत नाही. ज्या आईचे सांत्वन होत नाही तिच्यासाठी शास्त्रात जागा आहे, हेही कोणत्या तरी रविवारी ऐकू यायला हवे.

तळटीप (शिकागो)

वाद रंगला आहे, पण एपिस्कोपल प्रार्थना पुस्तकातले दोन नियम कोणीच सांगितलेले नाहीत, म्हणून मध्ये पडतो.

पहिला नियम ओसरीताईंच्या विरुद्ध जातो. एखादा मोठा सण रविवारी आला, तर इच्छा असल्यास त्याची वाचने रविवारच्या वाचनांऐवजी घेता येतात, पण पेंटेकॉस्टनंतरच्या शेवटच्या रविवारपासून (नोव्हेंबरअखेर) प्रकटीकरणाच्या सणानंतरच्या (६ जानेवारीनंतरच्या) पहिल्या रविवारपर्यंत ही मुभा नाही. त्यामुळे २८ तारखेला बालकांच्या दिवसाची वाचने घेण्याचा मार्ग बंदच होता, आणि २०३१ साली ती तारीख पुन्हा रविवारी येईल तेव्हाही हा नियम असेल तर बंदच राहील.

दुसरा नियम त्यांच्या बाजूचा आहे. वाचनक्रमाच्या सुरुवातीलाच म्हटले आहे की कोणतेही वाचन आपल्या विवेकाने वाढवता येते. येत्या ४ जानेवारीला नाताळानंतरचा दुसरा रविवार आहे. रेक्टरने तीन पर्यायांतून मत्तय २:१३ चा पर्याय निवडावा आणि मधली तीन वचने न गाळता तेराव्यापासून तेविसाव्यापर्यंत सलग वाचावे. बिशपची परवानगी लागत नाही आणि योहानही जागचा हलत नाही.

जुने पान

हे आधी सांगितले असते तर माझे योसीफसचे कष्ट वाचले असते.

लेकुरवाळी

४ तारखेला आमच्याकडे बालवर्ग पुन्हा सुरू होतो. माझी हरकत नाही.

मागची रांग

नियम मान्य. तरीही नोंदवून ठेवतो की दुसरा रविवार दर वर्षी येत नाही आणि आला तरी बहुतेक रेक्टर तीन पर्यायांतून पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा निवडतात, कारण ६ जानेवारीला, त्यांच्या सणाच्या दिवशी, कोणी येणार नसते.

ओसरी, ५ जानेवारी २०२६

रेक्टरबाईंना बुधवारी पत्र लिहिले होते. त्यांचे उत्तर आले की मत्तय २:१३ चा पर्याय त्यांनी आधीच निवडला होता, वाचन वाढवायला त्यांची ना नाही, मात्र उपासनापत्रिका छापून झाली आहे आणि चाळीस पाने पुन्हा काढणार नाहीत.

त्यामुळे काल असे झाले की पत्रिकेत पंधराव्या वचनानंतर एकोणिसावे छापलेले होते आणि डीकन सोळाव्यावर गेले. लोक बोट ठेवून वाचत असतात. बोटे थांबली, दोघा-तिघांनी पान उलटून पाहिले, आणि मग पत्रिका खाली गेल्या आणि सगळे वर पाहू लागले. राहेलचे वचन संपेपर्यंत कोणीही कागदाकडे पाहिले नाही.

मागची रांग

आणि संदेश? हेरोदावर की योसेफाच्या स्वप्नांवर?

ओसरी

स्वप्नांवर.