मदत हवी आहे : ग्रॅनाइटच्या थिन सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ कापात) क्वार्ट्झ आणि ऑर्थोक्लेज वेगळे कसे ओळखायचे?

भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ऑप्टिकल मिनरॉलॉजीचं प्रॅक्टिकल तोंडावर आलंय. बायोटाइट, हॉर्नब्लेंडचा त्रास नाही, स्टेज फिरवली की रंग बदलतात, नाव सुचतं. प्लॅजिओक्लेजच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि मायक्रोक्लिनची चौकडीही कळते. घोडं अडतं ते ट्विनिंग (जुळे स्फटिक, ज्यामुळे या पट्ट्या-चौकडी दिसतात) नसलेल्या दाण्यांपाशी. दोन्ही बिनरंगी, दोन्ही क्रॉस्ड निकॉलखाली (दोन ध्रुवक एकमेकांना आडवे लावून) करडे. सीनियर म्हणतात, लहरी एक्स्टिंक्शन (स्टेज फिरवताना दाणा एकदम नाही, लाटेसारखा काळा पडणं) दिसलं की क्वार्ट्झ. पण ते प्रत्येक दाण्यात कुठे दिसतं? आणि एका स्लाइडमध्ये ज्याला सगळे क्वार्ट्झ म्हणतात तो चक्क पिवळा दिसतोय. मग तो क्वार्ट्झच कशावरून?

प्रतिसाद १
आधी अ‍ॅनालायझर (वरचा ध्रुवक) बाहेर काढ. सगळे क्रॉस्ड निकॉलमध्येच डोळे फोडत बसतात. साध्या प्रकाशात क्वार्ट्झ स्वच्छ दिसतो. ऑर्थोक्लेज बहुतेक वेळा मळकट, धुळकट, कारण त्याचं चिकणमातीच्या खनिजांत आणि सेरिसाइटमध्ये (बारीक अभ्रकात) रूपांतर होत असतं. क्लीव्हेजच्या (ठराविक पातळ्यांवर फुटण्याच्या) रेघा दिसल्या तर प्रश्नच मिटला, क्वार्ट्झला क्लीव्हेज नसतं.

फेल्डस्पार (ऑर्थोक्लेज, प्लॅजिओक्लेज यांचा गट) ताजा असेल तर बेक रेषा (दाण्याच्या कडेची उजळ रेघ) बघ. दोन दाणे एकमेकांना खेटून असतील ती कड निवड, डायफ्रॅम (प्रकाशाची झडप) बारीक कर आणि स्टेज हळूच खाली ने. उजळ रेषा जास्त अपवर्तनांकाच्या बाजूला सरकते. क्वार्ट्झ १.५४४ ते १.५५३, ऑर्थोक्लेज साधारण १.५२, म्हणजे रेषा क्वार्ट्झमध्ये शिरणार. प्लॅजिओक्लेजसाठी मात्र यावर विसंबू नकोस. ऑलिगोक्लेजचा (प्लॅजिओक्लेजचाच एक प्रकार) अपवर्तनांक क्वार्ट्झच्या इतका जवळ असतो की रेषा धड दिसतच नाही.

प्रतिसाद २
यात इंटरफिअरन्स फिगर (दाण्यातून दिसणारी काळी-उजळ आकृती) राहिली. स्टेज फिरवूनही जवळजवळ काळाच राहणारा दाणा शोध, मोठं ऑब्जेक्टिव्ह लाव, ही आकृती दाखवणारी बर्ट्रांड लेन्स आत घाल. काळा क्रॉस फिरवताना जागचा हलला नाही तर युनिअ‍ॅक्सियल (एकच प्रकाशीय अक्ष), म्हणजे क्वार्ट्झ. क्रॉसऐवजी फिरणारी, मध्येच वाकणारी काळी पट्टी दिसली तर बायअ‍ॅक्सियल (दोन अक्ष), फेल्डस्पार. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

पिवळ्याचं म्हणशील तर काप जाड राहिलाय. ०.०३ मिमी जाडीला क्वार्ट्झ करडा-पांढरा दिसायला हवा, घासताना जाडीचा अंदाज याच रंगावरून घेतात. त्या स्लाइडमध्ये बाकीच्या खनिजांचे रंगही इंटरफिअरन्स रंगांच्या चार्टपेक्षा एखादी पायरी वर गेलेले असणार, तेव्हा चार्टशी ताडताना तेवढी सूट दे.

मूळ प्रश्नकर्ता
बेक रेषा आज दिसली! डायफ्रॅम उघडाच ठेवत होतो. पण एका दाण्यात रेषा फेल्डस्पारच्या बाजूला गेली, पट्ट्या नाहीत तरीही. हे काय?

प्रतिसाद १
ट्विनिंग न दिसणारा प्लॅजिओक्लेज असू शकतो, अँडेसिनच्या पुढचा (कॅल्शियम जास्त असलेला). पण ग्रॅनाइटमध्ये तो सहसा नसतो. स्लाइडवरचा नंबर एकदा तपास, डायोराइटची (ग्रॅनाइटपेक्षा क्वार्ट्झ कमी असलेल्या खडकाची) तर नाही ना?