तिसरी-चौथीला ‘कविता म्हणजे काय’ हे कसं शिकवायचं?

खडूची_धूळ
करवीर तालुक्यातली शाळा, तिसरी-चौथी एकत्र, पट २८. कविता म्हणजे काय विचारलं की वर्गातनं एकच उत्तर येतं: “शेवटी यमक असतं ती.” लिहायला सांगितलं की “माझी शाळा छान, तिचा मला अभिमान.” पुस्तकातल्या कविता चालीवर तोंडपाठ आहेत, पण मधल्या एका ओळीचा अर्थ विचारला की सगळे गप्प. व्याख्या फळ्यावर लिहून द्यायची नाही. ३५ मिनिटांच्या चार तासिका काढता येतील. सुरुवात कुठनं करावी?

रेघोट्या
आधी चाल बाजूला ठेवा. आपल्याकडं कविता हातात आली की पहिल्याच मिनिटाला तिला चाल लागते, तीही बहुतेक कवितांना एकच. मुलं मग चाल पाठ करतात आणि शब्द तिच्या मागनं फरफटत येतात. पहिल्या तासिकेला कविता दोनदा नुसती वाचा, बोलल्यासारखी. तिसऱ्यांदा वाचताना मुलांनी डोळे मिटायचे आणि काय दिसलं ते एकेका शब्दात सांगायचं. चाल दुसऱ्या दिवशी लावा. (पहिली-दुसरीला हा नियम लावू नका. तिथं ताल आणि हातवारेच आधी.)

दुसऱ्या तासिकेला वस्तू द्या. दिवाळीनंतर तुमच्याकडं गुऱ्हाळं सुरू असतात, म्हणून गूळ. पाव किलोत २८ जणांना बोराएवढा खडा पुरतो. पहिली पाच मिनिटं खायचा नाही: बघायचा, हुंगायचा, नख लावायचं, बाकावर आपटून आवाज ऐकायचा. मग जिभेवर. वहीत पाच साधी वाक्यं. फळ्याच्या कोपऱ्यात बंदी घातलेले शब्द लिहून ठेवा: छान, सुंदर, मस्त, गोड. ‘गोड’ बंद केला की वर्ग दोन मिनिटं अडकतो. तिथं आपण शब्द सुचवला की संपलं, सगळ्या वह्यांत तोच शब्द. थांबलात तर “नखात बसतो”, “आधी टोचतो, मग विरघळतो” असलं काहीतरी यायला लागतं.

तिसरी तासिका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फळ्यावर दोन मजकूर शेजारीशेजारी लिहा.

एक: “गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड जाळतात. काहिलीत रस उकळतो. त्याचा वास शाळेपर्यंत येतो.”

दुसरा:
चुलवाणात चिपाड,
काहिलीत रस.
वास
कुंपणावरून उडी मारून
वर्गात येऊन बसला.

माहिती दोन्हीकडं तीच. मग बदललं काय, हे विचारा. “लहान लहान ओळी आहेत” हे पहिलं उत्तर येईल; ते घ्या आणि पुढं ढकला: ‘वास’ हा शब्द एकटाच का ठेवलाय? तिथं थांबावं लागतं, पुढं काय याची वाट बघावी लागते. उडी कोणी मारली? वासाला पाय असतात का? यमक कुठंय? यमक नसूनही ही कविता का वाटते, यावर वर्ग भांडला तर भांडू द्या.

चौथ्या तासिकेला स्वतःच्या पाच वाक्यांतली दोन खोडायची आणि उरलेली तीन वाक्यं छोट्या ओळींत तोडायची. मोठ्यानं वाचून जिथं थांबावंसं वाटतं तिथं उभी रेघ. इथं हमखास होणारी गडबड म्हणजे वहीची रेघ संपली की मुलं ओळ तोडतात. कोरा कागद आडवा धरून द्या, म्हणजे जागा संपत नाही आणि ओळ का तोडली याचं कारण द्यावं लागतं.

टाळचिपळी
वरचं सगळं मान्य, पण यमकाला हाकलू नका. चौथीला अभंगाचा साचा झेपतो. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला:

रंकाळ्याचे पाणी । वाऱ्याने डोलते ।
उन्हाशी बोलते । सारा वेळ ॥

पहिला आणि चौथा चरण तुम्ही द्या, मधले दोन मुलांनी करायचे.

मोजताना ‘ळ्या’ची दोन अक्षरं धरली जातात, जोडाक्षर एकच. ‘रं’चा अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. पण खरा घोळ टाळ्यांनी मोजलं की होतो. बोलताना आपण ‘वेळ्’ म्हणतो, टाळी एकच पडते, अक्षरं दोन. ‘डोलते’ला टाळ्या दोन, अक्षरं तीन. म्हणून मोजताना डो-ल-ते असं एकेक अक्षर सुटं म्हणायला लावा आणि प्रत्येकाला एक बोट मुडपायचं. लघु-गुरू, गण हे प्राथमिकला अजिबात नको.

शाळा-फळा-मळा अशी यादी आधी फळ्यावर लिहून देऊ नका. यादी दिसली की मूल यादीतल्या शब्दाकडं जाणारी ओळ लिहितं. तुमचं ‘छान-अभिमान’ तिथनंच आलंय. आधी दिसलेली ओळ लिहायची, यमक जुळत नसेल तर शब्दांची जागा बदलायची. ‘पाणी वाऱ्याने डोलते’ अडलं तर ‘वाऱ्याने डोलते पाणी’.

जात्याची_खुंटी
तिसरीची पोरं त्याच वर्गात आहेत हो! त्यांना बोटं मुडपायला लावली की कविता गणिताच्या तासाला जाऊन बसते. त्यांना जात्यावरची ओवी द्या. तिथं अक्षरांचा हिशेब सैल असतो. ओळ लांब झाली तर घाईनं म्हणायची, आखूड झाली तर सूर लांबवायचा. (ज्ञानेश्वरीतली ओवी वेगळी: चार चरण, पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड.) आज्जीकडनं एक ओवी नाहीतर एक उखाणा आणा, असं सांगा.

उखाण्याचा आणखी एक उपयोग आहे. पुष्कळ उखाण्यांत पहिल्या ओळीचा नावाशी काहीच संबंध नसतो, फक्त यमक जुळवलेलं असतं. मुलांना ते लगेच कळतं आणि हसू येतं. यमक असलं म्हणजे कविता झाली असं नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि भाषा सुधारू नका. आपल्याकडं मुली “मी आलो”, “मी जातो” म्हणतात. वहीत त्याचं ‘आले’, ‘जाते’ केलं की पुढच्या वेळी ती पोरगी पुस्तकातली वाक्यं लिहून आणते.

खडूची_धूळ
चालीचं आणि कोऱ्या कागदाचं पटलं. अभंग फक्त चौथीला देतो, तिसरीला ओवी. दोन अडचणी राहिल्या: सहा-सात मुलांना अजून सलग लिहिता येत नाही, आणि वहीत शेरा काय द्यायचा?

रेघोट्या
न लिहिणाऱ्यांनी सांगायचं, तुम्ही लिहायचं. जसंच्या तसं, अर्धवट वाक्य पुरं करून देऊ नका. मग वाचून दाखवा आणि “कुठं थांबू?” विचारा. त्यानं सांगितलं तिथं रेघ मारा. अशा मुलांच्या कविता पुष्कळदा जास्त चांगल्या निघतात, कारण ती ऐकलेलं वाक्य लिहायच्या भानगडीत पडत नाहीत.

शेऱ्यात ‘छान’ नको, तो आपण बंद केलाय. एका ओळीखाली रेघ मारून एक प्रश्न लिहा: “नखात बसला, मग काय केलंस?” शुद्धलेखन कच्च्या प्रतीत बघू नका, भिंतीवर लावायच्या प्रतीत बघा.

आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर वर्गातल्या कामावरनं होणाऱ्या) नोंदीसाठी: ‘वस्तूचे निरीक्षण स्वतःच्या शब्दांत मांडतो’, ‘ओळ कुठे तोडली याचे कारण सांगतो’. ‘कविता तालासुरात म्हणतो’ ही नोंद वेगळी करा, दोन्ही एकात घालू नका.