मांड्या धरल्या म्हणून पोरगा कच्चा ठरत नाही

येळ्ळूरचा राजहंसगड उतरून आल्यावर तुमच्या भावाच्या मांड्या तीन दिवस धरल्या, त्याच्याच वयाच्या मित्राला काही झालं नाही, आणि घरचे भावाला 'कच्चा' म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. सवय नसेल तर तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. मेहनत करताना स्नायूत तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाला उगाच दोष देतात, ते तासाभरात निघून जातं.

माणसामाणसातला फरक खरोखर प्रचंड असतो. तोच व्यायाम करून एकाच्या रक्तातलं क्रिएटिन कायनेज (स्नायूला इजा झाली की त्यातून रक्तात उतरणारं एन्झाइम) जेमतेम हलतं, दुसऱ्याचं हजारोंच्या घरात जातं. यात आनुवंशिकता येते, आधीची सवयही येते. शिवाय दुखण्यावरून इजा मोजता येत नाही. कमी दुखणाऱ्याचीही ताकद बरीच उतरलेली असू शकते.

भाऊ बरा झाला की काही आठवड्यांत त्याला पुन्हा गडावर न्या, बेतानं. एकदा सोसलेल्या स्नायूला पुढच्या वेळी इजा कमी होते. तालमीत नव्या पोराच्या बैठका हळूहळू वाढवतात, ते शहाणपणाचंच आहे. मात्र लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.