खासगी माळरान हरणांसाठी राखायचंय: झाडं, कुंपण, कायदा?

बरडमाळ (ता. भूम)
वडिलोपार्जित जमिनीत ११ एकर बरड माळ आहे. नांगर कधी लागलेला नाही. कुसळी गवत, मधूनमधून बोर-हिवर, एका कडेला वेडी बाभूळ पसरतेय. हरणं कायम असतात, लांडगा आणि खोकडही दिसतात. शेजारी मुरूम उपसा सुरू झालाय. माळ आहे तसा टिकवायचाय. झाडं लावू का? तारेचं कुंपण करू का? आणि पुढच्या पिढीत कुणी तो मोडू नये, यासाठी काय करता येईल?

कुरणकरी
झाडं लावू नका, ही कळकळीची विनंती. काळवीट धोका लांबून बघून पळतं, चंडोल आणि धाविक हे माळावरचे पक्षी उघड्यावरच अंडी घालतात. सुबाभूळ, गिरिपुष्पाच्या ओळी उभ्या राहिल्या की सावलीत मारवेल, पवन्या ही गवतं मागे पडतात आणि माळ संपतो. आहेत ती बोर-हिवर पुरेत.

वेडी बाभूळ मात्र काढाच. वरून तोडली तर बुंध्यातून दाट फुटते, म्हणून खोडाचा गड्डा फूटभर खोल खणून काढावा लागतो. लहान रोपं पावसाळ्यात ओल्या मातीतून मुळासकट उपटून येतात. मोठी झाडं शेंगा पिकायच्या आत काढा. जनावरं शेंगा खातात आणि शेणातून बी माळभर जातं.

जून ते ऑक्टोबर चराई बंद. गवताची कापणी बी झडल्यावर, चार बोटं बुडखा ठेवून, आणि दरवर्षी तिसरा हिस्सा न कापता सोडून. सरसकट कापलं तर पाडसांना, तितरांना आडोसा उरत नाही. वणव्यासाठी कडेने १० फुटांचा पट्टा डिसेंबरच्या आत साफ करा.

पाणवठा
काटेरी तार नकोच. हरणं तारेखालून निसटतात, कुत्री मागे लागली की अडकून फाटतात. हद्दीला दगडी खुणा पुरतात. तार घालावीच लागली तर सगळ्यात खालची तार बिनकाट्याची, दोन फूट वर.

पाणी ठेवायचं तर बशीसारखा उथळ खड्डा करा, मधे जास्तीत जास्त फूटभर खोल. उभ्या भिंतीच्या हौदात पिल्लं बुडतात. विहिरीला कठडा नसेल तर आधी तो बांधा. शेजाऱ्यांशीही बोला: रानडुकरांसाठी ठेवलेलं विष लांडग्याच्या पोटात जातं.

सातबारा
वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६सी आलं. मालक स्वेच्छेने पुढे आला तर राज्य सरकार खासगी जमीन ‘समुदाय राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर करू शकतं. मालकी तुमचीच राहते. पण घोषणेनंतर जमिनीचा वापर बदलायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी, दोन्ही लागतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीच्या समितीत मालक, वन किंवा वन्यजीव विभागाचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी असतात.

एक नीट समजून घ्या: या कलमाने विक्री थांबत नाही, वापरावर बंधन येतं. ते घेणाऱ्यालाही लागू राहतं.

सातबाऱ्यावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर आधी सगळ्यांची लेखी संमती घ्या किंवा वाटणी करून हा तुकडा स्वतंत्र करून घ्या. अशी प्रकरणं इथेच अडतात. मग मोजणी नकाशा, सातबारा आणि वर्षभरात दिसलेल्या प्राण्यांची तारीखवार नोंद जोडून विभागीय वन अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, पोच घ्या.