डेंग्यूवर नुसत्या अक्षरांची पोस्टर करायचीत, मजकूर काय ठेवू?

कळवेकर_मंडळ
नमस्कार मंडळी, आमची कळव्यात चाळींची वस्ती आहे, पाणी दोनच तास येतं म्हणून घराघरात निळी पिंपं भरलेली असतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत चार जणांना डेंग्यू झाला, त्यात माझी बहीण, सहा दिवस अ‍ॅडमिट होती. तेव्हा एकाकडून फ्लेक्स करून घेतला होता, डासाचा भलामोठा फोटो, पाहुण्यांचे फोटो आणि खाली बारीक अक्षरात 'परिसर स्वच्छ ठेवा, काळजी घ्या'. कोणी थांबून वाचला नाही. यंदा गणपतीच्या आधी मी स्वतः करणार आहे, फोटो नकोच, नुसती अक्षरं, ए-थ्री, एकाच रंगात. अक्षरं काढायची आवड आहे पण मजकूर सुचत नाहीये. आणि डासाचं चित्र नसेल तर लोकांना कळेल का?

फवारणीवाले_काका
कळेल रे बाळा. आमच्या लहानपणी भिंतीभिंतीवर लिहिलेलं असायचं, देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा. चित्र नाही काही नाही, काय करायचं आणि काय मिळणार एवढंच, आणि मला अजून पाठ आहे. देशातून देवी १९७५ मध्ये गेली.
मी हिवताप विभागात होतो, आयुष्यभर लोकांची पिंपं बॅटरी मारून बघितलीत, म्हणून सांगतो 'परिसर स्वच्छ ठेवा' डेंग्यूला पुरत नाही. हा डास गटारातला नाही, साठवलेल्या चांगल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. लादी चकाचक असते आणि फ्रिजमागच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळत असतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात म्हणून तर आठवड्याला एक कोरडा दिवस, म्हणजे पिंपं रिकामी करायचा दिवस, पाळायला सांगतात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात आणि पाणी भरलं की परत अळ्या. काथ्या घेऊन घासायलाच पाहिजे. 'घासा' हा शब्द सगळ्यात मोठा काढ.

ऐरोलीची_अक्षरं
काकांचं वाचून एक सुचलं, बघ पटतंय का. अळ्या श्वास घ्यायला पाण्याच्या वरच्या थराला उलट्या लटकतात ना, आणि आपली अक्षरंही शिरोरेषेला लटकलेलीच असतात. मग शिरोरेषा हीच पाण्याची पातळी कर, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड सरळ रेघ आणि 'अळ्या' हा शब्द तिला लोंबकळतोय, पाय जरा वळवलेले. डास काढायची गरजच नाही. नाटकांची नावं हाताने काढणारे अक्षरकार कमल शेडगे जाहिरातीत हेच करायचे, नाव वाचायच्या आधी अक्षराच्या वळणातून नाटकाचा स्वभाव कळायचा.
बाकीचा मजकूर हाताने नसेल काढायचा तर मुक्ता किंवा बलू घे, दोन्ही फॉन्ट फुकट आहेत आणि जोडाक्षरं लांबूनही वाचता येतात. प्रिंटिंगवाल्याला फाईल कर्व्ह करूनच दे, म्हणजे फॉन्टमधल्या अक्षरांचे आकार करून, नाहीतर त्याच्या कॉम्प्युटरवर मात्रा सुटतात आणि 'डेंग्यू'चा भलताच शब्द छापून येतो, माझे एकदा दोनशे कागद असेच फुकट गेलेत.

वाशीची_सिस्टर
दादा, एक पोस्टर तापावर ठेवाच, प्लीज. ताप उतरला की घरचे म्हणतात बरं वाटतंय आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, नाकातून हिरड्यांतून रक्त येतंय, तर लगेच हॉस्पिटल. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आमच्या वॉर्डात अशी माणसं दर पावसाळ्यात येतात, उशिरा येतात, म्हणून कळकळीने सांगतेय. शब्द घरातलेच ठेवा, 'लक्षणे आढळल्यास' वगैरे नको.

कळवेकर_मंडळ
काका, ताई, सिस्टर, मनापासून थँक्यू. बहिणीचंही तसंच झालं होतं, ताप उतरला म्हणून आम्ही निवांत होतो आणि रात्री पोटात दुखायला लागलं.
दोन पोस्टर करतोय. पहिल्यावर शिरोरेषेला लटकलेल्या 'अळ्या' आणि खाली 'शुक्रवारी पिंप रिकामं करा. आतून घासा. मग भरा.' शुक्रवार यासाठी की त्या दिवशी आमच्याकडे पाणी येत नाही, पिंपं तशीही तळाला जातात. हे नळाजवळ लावणार, तिथे रांगेत सगळे उभे असतात. दुसरं मेडिकलच्या दारावर, 'ताप उतरला? अजून दोन दिवस लक्ष ठेवा.' आणि खाली सिस्टरनी सांगितलेल्या तीन गोष्टी. सिस्टर, दोन दिवस बरोबर आहे का ते सांगा, रविवारी प्रिंटला देतोय.

वाशीची_सिस्टर
हो, ताप गेल्यावरचे एक-दोन दिवसच सांभाळायचे असतात. फक्त 'लघवी कमी होतेय' हे पण टाका, बायका ते सांगायला लाजतात.