चंद्रापुढं ठेवायचे दांगो तासाभरात कडक व्हायलेत, पीठ चुकतंय का कृती?

लातूरकर
जपानमध्ये त्सुकिमीला, म्हणजे शरदातला चंद्र बघायच्या सणाला, चंद्रापुढं १५ दांगो (तांदळाच्या पिठाचे शिजवलेले गोळे) रचतात, तसे घरी करायचेत. दुकानातलं तांदळाचं पीठ २०० ग्रॅम घेतलं, गार पाण्यात मळलं, गोळे उकळत्या पाण्यात सोडले. काही फुटायलेत, काही आतून कच्चे राहायलेत आणि उरलेले तासाभरात कडक. चिकट तांदळाचं पीठ इथं मिळत नाही. त्याच्याशिवाय जमेल का?

परभणीहून
जमेल, पण गार पाण्यानं नाही. साधं तांदळाचं पीठ गार पाण्यात नुसतं भिजतं, बांधत नाही. उकडीच्या मोदकाला पाणी उकळून घेतो ते याचसाठी. जपानमध्येही साध्या तांदळाच्या पिठाला, म्हणजे जोशिन्कोला, गरम पाणीच लागतं.

२०० ग्रॅम पिठाला १८० ते २०० मिली उकळतं पाणी, थोडंथोडं घालत चमच्यानं कालवा. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग मळा. गोळे करायची घाई नको. मुटके तोडून ओल्या फडक्यावर २० ते २५ मिनिटं वाफवा आणि गरम असतानाच ओल्या बत्त्यानं किंवा पाण्याच्या हातानं पुन्हा चांगलं मळा. दांगोचा चिवटपणा या दुसऱ्या मळण्यात आहे. ते टाळलं तर चव मोदकाच्या पारीची येते. नंतर साधारण २५ ग्रॅमचा एक असे १५ गोळे वळा. पीठ आधीच शिजलेलं असतं, म्हणून ते पुन्हा उकळायचे नाहीत. फुटणं आणि आतून कच्चं राहणं, दोन्ही प्रश्न तिथंच मिटतात.

पीठ गिरणीतून आणणार असाल तर तांदळाच्याच घाण्यावर दळून घ्या. आपल्याकडं जात्यात बहुतेक वेळा आधीची ज्वारी असते, तिनं दांगो करडे पडतात. घरी मैद्याच्या चाळणीनं चाळा, रवाळ पिठाला भेगा जातात.

नांदेडकर
चिकट तांदळाचं पीठ ऑनलाइन मिळालं तर फरक मोठा पडतो. त्या तांदळात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार जवळपास नसतो, आणि गार झाल्यावर भात-भाकरी कडक करणारा घटक मुख्यतः तोच. दोन्ही पिठं १००-१०० ग्रॅम, पाणी १६० ते १८० मिली. मळलेला गोळा कानाच्या पाळीइतका मऊ लागला पाहिजे, जपानी स्वयंपाकातली ही नेहमीची खूण आहे. हे गोळे मात्र उकळायचे. वर तरंगले की लगेच काढू नका, आणखी दोन मिनिटं ठेवा, मग गार पाण्यात टाका.

फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नका, तिथल्या थंडीत ते सगळ्यात लवकर कडक होतात. पिठात दोन चमचे साखर घातली तर थोडा वेळ जास्त मऊ राहतात.

रचताना खाली ९, त्यावर ४, वर २. शेजारी जपानी लोक सुसुकी गवत ठेवतात. आपल्याकडं नदीकाठचं पांढऱ्या तुऱ्याचं गवत शोभेल. त्सुकिमीची तिथी बहुधा भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येते. २०२५ मध्ये मात्र ती आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला होती.

लातूरकर
सोबत काय द्यावं? पुरण चालेल?

परभणीहून
हरभऱ्याच्या पुरणाची चव वेगळी होते. जपानी गोड सारण अझुकीचं, म्हणजे बारीक लाल कडधान्याचं असतं; ती नसेल तर लाल चवळी घ्या. एक उकळी आली की ते पाणी फेका, नाहीतर तुरटपणा राहतो. चवळी बोटानं दाबून पूर्ण मऊ झाल्यावरच साखर घाला, आधी घातली तर सालं दडदडीत राहतात. २०० ग्रॅम चवळीला दीडशे ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. तूप-वेलची नको.

लातूरकर
चंद्र उगवेपर्यंत साध्या पिठाचे टिकतील का?

परभणीहून
ओल्या फडक्याखाली दोन-तीन तास. कडक झालेच तर पाच मिनिटं वाफ द्या, पुन्हा मऊ होतात. पण रचण्याआधी द्या, रचल्यावर वाफवले तर एकमेकांना चिकटून बसतात.